बँड कोणाचा? ‘डेथ’ या बँडचं प्रकरण

फ्लोरिडात 1983 साली एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या ‘डेथ’ या बँडनं 1987 ते 1998 या अकरा वर्षांत सात स्टुडिओ अल्बम काढले. सातही अल्बमांवर वादकांचा संच वेगळा आहे, कुठलेच दोन अल्बम त्याच माणसांनी वाजवलेले नाहीत. सातही ठिकाणी एकच माणूस आहे: गिटार वाजवणारा, गाणारा आणि गाणी रचणारा चक शुल्डिनर. डेथ मेटल या प्रकाराचा (हेवी मेटल रॉकचा वेगवान, घोगऱ्या गाण्याचा, सर्वांत टोकाचा प्रकार) पाया घालणाऱ्या मोजक्या लोकांत त्याचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे.

त्याच्या संगीतावर पुष्कळ लिहिलं गेलंय. या प्रकरणात मला दुसरी बाजू तपासायची आहे. गॅरेजमधला, टपालाच्या पाकिटांतून पसरलेला एक बँड वर कसा आला, वाटेत कुठे कुठे निर्णय घ्यावे लागले, आणि ‘हा बँड नेमका कोणाचा’ हा प्रश्न वेळेवर न सुटल्यामुळे काय झालं, ते. आपल्याकडे मुंबईत 2000 साली सुरू झालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’मध्येही पहिल्यापासून आजवर टिकलेला सभासद एकच, साहिल मखिजा. टोकाचं संगीत वाजवणाऱ्या बँडांची घडण पुष्कळदा अशीच असते, म्हणून हा प्रश्न आपल्यालाही जवळचा आहे.

सभासदांच्या आपसातल्या भांडणात कोण किती बरोबर, याचा निवाडा इथे केलेला नाही. त्यामुळे जिथे नावाची गरज नाही तिथे ‘ड्रमर’, ‘बेसवादक’ एवढंच लिहिलंय.

पार्श्वभूमी

शुल्डिनरचा जन्म 13 मे 1967 चा, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. तो अगदी लहान असतानाच घरचे फ्लोरिडात राहायला गेले. तो नऊ वर्षांचा असताना मोठा भाऊ मोटार अपघातात गेला. पोरगं दुःखात बुडून जाऊ नये म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. काही काळ शास्त्रशुद्ध शिकवणी लावली, पण तिथे बालगीतं वाजवायला लावत, म्हणून त्यानं ती सोडली. मग जुन्या सामानाच्या विक्रीतून एक इलेक्ट्रिक गिटार घरी आली आणि पुढचं सगळं त्यानं ऐकून ऐकून शिकलं. पुढे शाळाही सोडली. त्याची मात्र त्याला नंतर खंत वाटत राहिली.

1983 मध्ये ऑरलँडोजवळच्या आल्टामॉन्टे स्प्रिंग्ज या गावात सोळा वर्षांच्या शुल्डिनरनं आणखी दोन मुलांबरोबर ‘मँटास’ नावाचा बँड काढला. दोन गिटार, एक ड्रम. बेस वाजवणारा कोणी नव्हताच. 1984 मध्ये नाव बदलून ‘डेथ’ झालं. त्या वेळी या प्रकारच्या संगीताला ठरलेलं नावही नव्हतं. स्लेयर, पझेस्ड असे काही बँड थ्रॅश मेटल या वेगवान, आक्रमक प्रकाराला आणखी काळोखाकडे ओढत होते. पझेस्डचा ‘सेव्हन चर्चेस’ अल्बम यायला 1985 उजाडायचं होतं. फ्लोरिडातली ही मुलं तेच काम आपल्या परीनं करत होती: गिटारी एक संपूर्ण स्वर खाली लावलेल्या, आवाज घशाच्या तळातून ओढलेला, गाण्यांत प्रेतं आणि भयपट.

मूळ अडचण

अडचण दुहेरी होती. गावात ऐकणारे नव्हते आणि गावात वाजवणारेही नव्हते.

ऐकणाऱ्यांची अडचण टपालानं सोडवली. त्या काळी जगभर कॅसेटींची देवाणघेवाण चालायची. तुम्ही तुमची तालीम साध्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करायची, तिच्या प्रती काढायच्या आणि मॅसेच्युसेट्सपासून स्वीडनपर्यंतच्या अनोळखी पत्त्यांवर पाठवायच्या. समोरचा त्याच्या गावातल्या बँडची कॅसेट परत पाठवायचा, सोबत हातानं लिहिलेलं पत्र आणि इतर बँडांची छापील चिठोरी. ती चिठोरी तुम्ही पुढच्या पाकिटात सरकवायची. तिकिटावर डिंकाचा पातळ थर देऊन पाठवायचं, म्हणजे पोस्टाचा शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा लावता येई. पत्राच्या शेवटी ‘तिकिटं परत पाठव’ असं लिहिलेलं असायचं. पैसा नसलेल्या मुलांनी उभी केलेली ही एक आख्खी वितरणव्यवस्था होती. 1984 आणि 85 मधले डेथचे डेमो (नमुन्यादाखल केलेली ध्वनिमुद्रणं) आणि तालमींची ध्वनिमुद्रणं याच वाटेनं फिरली. प्रत्येक प्रतीगणिक आवाज आणखी खरखरीत होत जायचा, तरी लोक ते ऐकत आणि पुढे पाठवत. एकही अल्बम नसताना डेथचं नाव अटलांटिकपलीकडे पोचलं ते असं.

दुसरी अडचण मात्र टपालानं सुटणारी नव्हती. या वेगानं वाजवणारा ड्रमर पाकिटातून येत नाही.

पहिला निर्णय: माणसांच्या शोधात गाव सोडणं

1985 च्या सुरुवातीलाच मूळ तिघांतला दुसरा गिटारवादक बाहेर पडला. मिशिगनमधल्या ‘जेनोसाइड’ नावाच्या बँडची दोन मुलं, जी पुढे ‘रिपल्शन’ म्हणून ओळखली गेली, खास डेथमध्ये यायला फ्लोरिडाला आली. ते जमलं नाही, ती परत गेली. मूळ ड्रमरही सोडून गेला. नाव जगभर पोचलेलं आणि बँडमध्ये माणूस एकच, अशी स्थिती झाली.

त्याच्यासमोर तीन वाटा होत्या. गावातच थांबून जे मिळतील त्यांना शिकवून तयार करायचं. जिथे असे वादक आहेत त्या शहरात जायचं. किंवा स्वतःचा बँड गुंडाळून दुसऱ्या कोणाच्या तयार बँडमध्ये शिरायचं.

शुल्डिनरनं शेवटच्या दोन्ही वाटा धरून पाहिल्या, तेही वर्षभरात. 1985 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे एक अनुभवी ड्रमर मिळाला, पण त्याचा सगळा भर निव्वळ वेगावर होता. ते मानवलं नाही, शुल्डिनर फ्लोरिडाला परतला. जानेवारी 1986 मध्ये टोरांटोच्या ‘स्लॉटर’ या बँडनं बोलावलं म्हणून कॅनडाला गेला. जेमतेम दोन आठवडे टिकला आणि आपल्याला स्वतःचंच काही करायचंय हे कळून घरी आला. मग पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली. या खेपेला जवळच्या कॉनकॉर्ड गावातला, विशीही न गाठलेला ड्रमर क्रिस रायफर्ट भेटला. दोघांनी एप्रिल 1986 मध्ये ‘म्युटिलेशन’ हा तीन गाण्यांचा डेमो केला आणि त्याच्या जोरावर कॉम्बॅट रेकॉर्ड्स या कंपनीचा करार मिळाला.

या टप्प्यावर थोडं थांबून बघायला हवं. टोरांटोहून परत येणं हा माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. अठरा वर्षांचा मुलगा, हातात पैसा नाही, शाळा सुटलेली. समोर चालू बँड, तयार ओळख, राहायची सोय. ते सगळं सोडून तो रिकाम्या हातानं परतला, कारण त्या बँडमध्ये तो दुसऱ्यांची गाणी वाजवणार होता. डेथ म्हणजे आपली गाणी, हे तेव्हाच त्याच्या मनात पक्कं झालेलं दिसतं. ते त्यानं स्वतःला सांगितलं. पुढे जे जे बँडमध्ये आले त्यांना ते इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं गेलं नाही, आणि खरी गडबड तिथून सुरू होते.

दुसरा निर्णय: केलेलं काम टाकून नव्यानं करणं

पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण 1986 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या एका स्टुडिओत सुरू झालं. कंपनीला तो आवाज पसंत पडला नाही. डागडुजी करून काम भागवायचं की टाकून द्यायचं, असा प्रश्न आला. टाकून द्यायचं ठरलं. नोव्हेंबरमध्ये हॉलिवूडच्या ‘म्युझिक ग्राइंडर’ स्टुडिओत सगळं पहिल्यापासून झालं. ते काम निर्माता रँडी बर्न्सकडे दिलं. पझेस्डचा ‘सेव्हन चर्चेस’ त्यानंच केला होता, त्यामुळे हा गोंगाट ऐकून तो बिचकणारा नव्हता.

मे 1987 मध्ये आलेल्या ‘स्क्रीम ब्लडी गोर’वर प्रत्यक्षात दोनच माणसं वाजतात. रायफर्टचे ड्रम, बाकी सगळं शुल्डिनर: दोन्ही गिटारी, बेस, गाणं. अल्बमच्या श्रेयनामावलीत आणखी एका गिटारवादकाचं नाव आहे, फोटोही आहे, पण त्यानं अल्बमवर काही वाजवलेलं नाही. त्यामुळे कव्हरवर तो पुरा बँड दिसतो. पुढच्या अल्बमवरही असंच घडलं: नाव एका बेसवादकाचं, वाजवलेला बेस शुल्डिनरचा.

वरवर क्षुल्लक वाटेल, पण ‘हा बँड आहे’ हे दाखवणं आणि ‘हे एका माणसाचं काम आहे’ ही वस्तुस्थिती यांतली फट पहिल्याच अल्बमच्या कव्हरवर छापली गेली होती.

तिसरा निर्णय: तयार संच घेणं

अल्बम झाल्यावर शुल्डिनरला फ्लोरिडाला परत जायचं होतं. रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला आणि त्यानं ‘ऑटोप्सी’ हा स्वतःचा बँड काढला, जो पुढे स्वतःच्या बळावर मोठा झाला. हा घटस्फोट स्वच्छ होता. कोण काय घेऊन जातोय हे दोघांना ठाऊक होतं, आणि दोघांचंही भलं झालं.

फ्लोरिडात मात्र शुल्डिनरनं सोपी वाट धरली. टँपाकडच्या ‘मॅसेकर’ या बँडमधली माणसं मोकळी होती. त्यात पूर्वीचा, 1985 मध्ये बाहेर पडलेला गिटारवादकही होता. आधीपासून एकत्र वाजवलेली माणसं मिळाली की वर्षभराच्या तालमी वाचतात. पण ती माणसं आपसातली नाती आणि सवयीही घेऊन येतात. नवीन बँडमध्ये ती ‘ते’ असतात आणि तुम्ही ‘तुम्ही’. ही एक धोक्याची जागा होती, पण त्या वेळी कामाचा वेग पाहता ती कोणाला दिसली नसावी.

कारण काम खरोखरच झपाट्यानं झालं. 1988 चा ‘लेप्रोसी’ टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत झाला. मॉरिस बंधूंच्या या स्टुडिओचा उल्लेख लांबवायला हवा, कारण डेथची वाढ आणि त्या स्टुडिओची वाढ एकमेकांत गुंतलेली आहे. डेथ मेटल ध्वनिमुद्रित करणं अवघड असतं. दोन पायांनी वाजवलेला बास ड्रम एवढा दाट असतो, आणि गिटारी इतक्या खाली लावलेल्या, की दोन्ही एकाच खालच्या पट्टीत कोंबले जातात आणि ऐकणाऱ्याला नुसता चिखल मिळतो. प्रत्येक ठोका सुटा ऐकू यावा आणि तरी गिटारीचं वजन कमी होऊ नये, ही कसरत मॉरिसाउंडमध्ये शिकली गेली. ‘लेप्रोसी’वर अभियंता म्हणून असलेला स्कॉट बर्न्स पुढे या प्रकाराचा सर्वांत मागणी असलेला निर्माता झाला. मॉर्बिड एंजल आणि ऑबिच्युअरी या बँडांचे 1989 मध्ये आलेले पहिले अल्बम तिथेच झाले, 1990 मध्ये आलेला डिसाइडचाही. कॅनिबल कॉर्प्स तर न्यू यॉर्क राज्यातल्या बफलोहून आपला पहिला अल्बम करायला तिथे आले. पाच वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात एक ड्रमर सापडत नव्हता, तिथे आता देशभरातून बँड यायला लागले होते.

डेथमध्ये मात्र धुसफूस सुरू झालेली होती. 1989 मध्ये गिटारवादकाला काढलं. मेक्सिकोतल्या कार्यक्रमांसाठी ‘सिनिक’ या बँडच्या पॉल मासविडालनं ऐन वेळी गिटार धरली. मग जेम्स मर्फी आला आणि फेब्रुवारी 1990 मध्ये ‘स्पिरिच्युअल हीलिंग’ आला. या अल्बममध्ये शुल्डिनरनं प्रेतं सोडून माणसांकडे पाहायला सुरुवात केली: नशेच्या आहारी गेलेल्या आईच्या पोटचं मूल, देवाच्या नावावर रोग बरे करतो सांगणारे भोंदू. विचार करणारा डेथ मेटल इथून सुरू होतो असं मला वाटतं. पण त्याच वर्षात मर्फीही गेला.

चौथा निर्णय: 1990 चा युरोप दौरा

1990 च्या शरद ऋतूत जर्मनीच्या क्रिएटर या बँडबरोबर युरोपचा दौरा ठरला होता. डेथसारख्या बँडसाठी ही मोठी संधी, कारण टपालानं कमावलेले पुष्कळ श्रोते तिकडेच होते. निघायच्या तोंडावर शुल्डिनरनं सांगितलं, मी येणार नाही. दौऱ्याची व्यवस्था नीट झालेली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. अव्यवस्थित दौऱ्यांचा त्रास त्यानं आधी सोसलेला होता.

त्याच्या जागी उभं राहून पर्याय मोजून पाहू.

जाणं. व्यवस्था कच्ची असली तरी दौरा पदरात पडला असता. पण परक्या देशात, पैशाची हमी नसताना, नव्या गिटारवादकासह रोज वाजवायचं, आणि काही फसलं तर सगळं खापर बँडच्या नावावर. तेवीस वर्षांच्या माणसाला ते पेलवेलच असं नाही.

पुढे ढकलणं. दौरा दुसऱ्या बँडबरोबरचा असल्यामुळे हे डेथच्या हातात नव्हतं.

वेळेत रद्द करणं. हा सर्वांत सन्मानाचा मार्ग होता, पण त्याला आठवडे आधी निर्णय लागतो. व्यवस्थेबद्दलची शंका एका रात्रीत येत नाही. ती येताक्षणी लेखी कळवली असती तर आयोजक, क्रिएटर आणि बाकीचे दोघे यांना हातपाय हलवायला वेळ मिळाला असता.

ऐन वेळी नकार देणं. शुल्डिनरनं हे केलं.

आता त्या दोघांच्या, म्हणजे बेसवादक आणि ड्रमर यांच्या, जागी उभं राहा. तारखा लागलेल्या, भित्तिपत्रकं छापलेली, आयोजकांशी शब्द दिलेला. गेली तीन वर्षं तुम्ही या बँडमध्ये आहात, दोन अल्बमांवर तुमचं नाव आहे. मुख्य माणूस म्हणतो मी येत नाही. तुम्ही घरी बसाल का? ते बसले नाहीत. बँडबरोबर सामान वाहणारी, आवाज जुळवणारी जी माणसं होती त्यांच्यातल्या एकानं गिटार घेतली, एकानं गाणं, आणि चौघं ‘डेथ’ या नावानं युरोपभर वाजवून आले.

शुल्डिनरला हे घरी बसून कळत होतं. ज्या नावासाठी तो टोरांटो सोडून परतला, ते नाव घेऊन दुसरी माणसं त्याची गाणी गात होती. दौरा संपल्यावर त्यानं कायदेशीर पावलं उचलली, दोघांना बँडबाहेर काढलं. व्यवस्थापकाशीही फाटलं, त्याच्याशी मात्र पुढे समेट होऊन तो परत आला. संगीताच्या वर्तुळात शुल्डिनरचं नाव हेकट, कोणाशी न जमणारा माणूस असं झालं, आणि हा शिक्का त्याला बराच काळ चिकटून राहिला.

मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा तपासतो तेव्हा मला दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक वाटतात, आणि त्यामुळेच ते जास्त लागतं. दोघांना वाटत होतं की डेथ हा चार जणांचा बँड आहे, एक आला नाही तर उरलेल्यांनी शब्द पाळायचा. शुल्डिनरच्या दृष्टीनं तो नसेल तिथे डेथ नाही. तीन वर्षं एकाच गाडीत हिंडताना, एकाच स्टुडिओत राबताना हा फरक कोणी टेबलावर ठेवला नाही. तो पहिल्यांदा उघडा पडला तो हजारो श्रोत्यांसमोर.

पाचवा निर्णय: बँडची घडणच बदलणं

इथून पुढे शुल्डिनरनं काय केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यानं पुन्हा एकसंध टोळी जमवायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक अल्बमसाठी, त्या अल्बमला जे संगीत हवं त्याप्रमाणे, वेगवेगळ्या बँडांतले वादक बोलावायचे अशी पद्धत पाडली. प्रत्येकाचं स्वतःचं घर दुसरीकडे शाबूत होतं. त्यामुळे डेथवर मालकी कोणाची असा वाद उभा राहायचं कारणच उरलं नाही.

1991 चा ‘ह्यूमन’ हे याचं पहिलं फळ. सिनिकमधून पॉल मासविडाल आणि ड्रमर शॉन रायनर्ट आले. जॅझवर पोसलेली ही मुलं होती. बेसवर ‘सेडस’चा स्टीव्ह डिजॉर्जिओ, शुल्डिनरचा कॅलिफोर्नियातल्या दिवसांपासूनचा ओळखीचा. आधीच्या डेथमध्ये ड्रम गाण्याला मागून ढकलत असत. इथे रायनर्ट गिटारीच्या ओळीशी बोलतो. झांजांच्या बारीक नक्षीत ठोका लपवतो, ऐकणाऱ्याला तो चुकला असं वाटतं तोवर नेमक्या जागी येऊन उतरतो. डिजॉर्जिओचा बेस गिटारीची सावली न होता स्वतःची चाल घेतो. टोकाचं संगीत इतकं गुंतागुंतीचं आणि तरी इतकं हिंस्र असू शकतं, हे या अल्बमनं दाखवून दिलं. एका गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीच्या हेडबँगर्स बॉल या कार्यक्रमात लागला. ज्या बँडच्या कॅसेटी पुसलेल्या तिकिटांवर फिरल्या तो घराघरातल्या पडद्यावर आला.

1993 च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’वर डिजॉर्जिओ राहिला, ड्रमवर डार्क एंजलचा जीन होग्लन आणि गिटारवर किंग डायमंडच्या बँडमधला अँडी लारॉक आला. 1995 चा ‘सिम्बॉलिक’ रोडरनर कंपनीकडून आला. त्यानंतर शुल्डिनरला स्वच्छ गायकीचा, जुन्या हेवी मेटलच्या वळणाचा ‘कंट्रोल डिनाइड’ हा दुसरा बँड करायचा होता. ‘न्यूक्लियर ब्लास्ट’ कंपनीशी करार झाला, पण त्यांना आधी डेथचा एक अल्बम हवा होता. म्हणून 1998 मध्ये ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’ आला आणि 1999 मध्ये कंट्रोल डिनाइडचा पहिला अल्बम.

या पद्धतीची किंमतही होती. दर अल्बमला नवा संच म्हणजे दर दौऱ्याला पहिल्यापासून तालमी. माणसं सोबत वाढत नाहीत. ती येतात, उत्तम काम करतात आणि आपापल्या घरी जातात. तरीही संगीताच्या हिशेबानं हा निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला, असं मी ठामपणे म्हणेन. 1991 पासूनचे चार अल्बम हीच त्याची साक्ष.

परिणाम

1999 मध्ये शुल्डिनरची मान दुखायला लागली. एखादी नस दबली असेल असं वाटलं. तपासणीत मेंदूच्या खोडाजवळ गाठ निघाली. ते निदान 13 मे रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी हाती आलं. जानेवारी 2000 मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता. शस्त्रक्रियेनंतर त्यानं विमा घेतला. मे 2001 मध्ये आजार उलटला तेव्हा विमा कंपनीनं, गाठ विम्याच्या आधीपासूनची आहे म्हणून पैसे नाकारले. घरच्यांनी जाहीर आवाहन केलं, संगीतकारांनी वस्तू लिलावात काढल्या, चाहत्यांनी कार्यक्रम करून मदत जमवली. आईनं लोकांना कळवळून सांगितलं, विमा काढा. 13 डिसेंबर 2001 रोजी शुल्डिनर गेला. वय चौतीस.

सात अल्बम, जगभरचे श्रोते, एका संगीतप्रकाराचा पाया, आणि आजारपणाच्या वेळी हातात काही नाही. या प्रकारच्या संगीतात हे नवल नाही, आणि याचा मला राग येतो.

वेगळं काय करता आलं असतं

1987 मध्ये तयार संच घेताना एका कागदावर तीन ओळी लिहिल्या असत्या तर 1990 टळलं असतं. नाव कोणाचं. नावाच्या मालकाशिवाय ते नाव लावून वाजवता येईल का. दौरा कोण मान्य करतो आणि कोणत्या तारखेपर्यंत नाकारता येतो. मैत्रीत असं लिहून घेणं कोतेपणाचं वाटतं, विशेषतः विशीत. पण रायफर्टबरोबर जो स्वच्छ निरोप झाला तो प्रत्येक वेळी आपोआप होत नाही.

अल्बमच्या कव्हरवर ज्यानं वाजवलं त्याचंच नाव, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला हवा होता. न वाजवलेल्याला श्रेय दिलं की त्याला, आणि श्रोत्यांनाही, बँडची चुकीची कल्पना येते.

‘ह्यूमन’च्या वेळची पद्धत, म्हणजे स्वतःचं घर असलेले वादक अल्बमपुरते बोलावणं, ही 1988 मध्येच करता आली असती का? मला नाही वाटत. त्या वेळी तसे वादक फ्लोरिडात अजून घडायचे होते आणि बोलावल्यावर येतील एवढं डेथचं वजनही नव्हतं. ते वजन ज्या संचानं मिळवून दिलं तोच संच 1990 मध्ये तुटला, ही बाजू शुल्डिनरच्या चाहत्यांनी विसरू नये.

आणि विमा. दौऱ्याच्या पहिल्या कमाईतून गिटार घ्यायच्या आधी.

आजची स्थिती

2012 पासून डेथमध्ये वाजवून गेलेले वादक ‘डेथ टू ऑल’ या नावानं एकत्र येऊन शुल्डिनरची गाणी मंचावर वाजवतात. पहिला दौरा संगीतकारांच्या उपचारखर्चाला मदत करणाऱ्या स्वीट रिलीफ या निधीसाठी होता. या संचाचा भर ‘ह्यूमन’च्या पुढच्या काळावर, आणि त्यात होग्लन, डिजॉर्जिओ अशी माणसं आहेत. 2022 मध्ये ‘लेप्रोसी’च्या काळातले गिटारवादक आणि बेसवादक यांनी ‘लेफ्ट टू डाय’ हा दुसरा संच उभा केला आणि ते जुन्या अल्बमांतली गाणी घेऊन फिरू लागले. बेसवादक तोच, जो 1990 मध्ये शुल्डिनरशिवाय युरोपला गेला होता. दोन्ही संचांनी स्वतःला नुसतं ‘डेथ’ म्हणवलेलं नाही.